तुमच्या फोटोतल्या दोन रिंगा

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. उत्तराला एक दिवस लागला, कारण आधी बिलबुक काढलं, ज्या पोराने काम केलं त्याला समोर बसवलं आणि तुम्ही टाकलेला फोटो मोबाइलवर मोठा करकरून पाहिला.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांची के-१० इंजिनवाली वॅगन आर आमच्या गॅरेजला ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायला आली होती. चौथ्या दिवशी साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि शिरवळच्या अलीकडे डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला. गाडीखाली ऑइल. टो करून गाडी पुण्यातल्या एका वर्कशॉपला नेली, तिथे कंपनीचा फिल्टर बसवला, गळती थांबली. "बाहेरचा फिल्टर टाकला म्हणून झालं" असं त्यांना सांगण्यात आलं. साहेबांनी एक स्टार दिला आणि लिहिलं की आम्ही लोकल माल टाकून कंपनीचे पैसे लावले.

चूक आमचीच आहे, ती आधी कबूल करतो. फक्त ती फिल्टरच्या डब्यात नव्हती, आमच्या हातात होती.

तुमच्याच फोटोत नीट बघा. काढलेल्या फिल्टरच्या तोंडावर एकावर एक दोन रबरी रिंगा आहेत. फिल्टरला रिंग एकच असते. वरची चपटी, काळपट झालेली रिंग तुमच्या आधीच्या फिल्टरची. जुना फिल्टर खोलताना त्याची रिंग कधीकधी इंजिनाच्या बैठकीलाच चिकटून राहते. आमच्या पोराने ती बघितली नाही आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळला. असं झालं की गावातल्या गावात काही कळत नाही. हायवेला आरपीएम चढला, ऑइलचं प्रेशर वाढलं की रिंग जागेवरून सरकते आणि ऑइल बाहेर पडायला लागतं. त्या जागी कंपनीचा फिल्टर असता तरी शिरवळला हेच झालं असतं. पुण्यात गळती थांबली ती जुनी रिंग फिल्टरसोबत निघून आली म्हणून.

बैठक फडक्याने पुसायची, बोटाने चाचपायची, नव्या रिंगेला ऑइल लावायचं, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवायचा आणि मग पाऊण फेरा. पाना लावून पिळायचा नाही. शेवटी इंजिन चालू करून खाली वाकून बघायचं. पोरं हे पहिल्या महिन्यात शिकतात. त्या शनिवारी सात गाड्या रांगेत होत्या आणि मी स्वतः खाली वाकलो नाही.

आता पैशांचं. बिलावर फिल्टरपुढे ब्रँडचं नाव आणि १३० रुपये लिहिलेत, कंपनी पार्ट असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या गाडीचा कंपनी फिल्टर आणि चांगल्या ब्रँडचा बाहेरचा, यांत फरक चहा-वड्याएवढा. तेवढ्यासाठी मी गिऱ्हाइकाचं इंजिन पणाला लावणार नाही. खरं कारण साधं होतं: कंपनीचा फिल्टर रॅकवर संपला होता आणि तुम्हाला गाडी संध्याकाळी हवी होती. तुम्हाला एक फोन करायला हवा होता. केला नाही. याबद्दलची तुमची नाराजी मला शंभर टक्के मान्य आहे.

पण "बाहेरचं म्हणजे डुप्लिकेट" हे मान्य नाही. गाडीची कंपनी फिल्टरचा कागद स्वतः दुमडत बसत नाही. फिल्टर बनवणारे कारखाने वेगळे असतात, ते कंपनीच्या डब्यात माल देतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. दोन्ही डब्यांतला माल आतून तंतोतंत सारखाच असेल असंही नाही, म्हणून आम्ही गाडीचा पार्ट नंबर जुळवूनच घेतो. आत बघायच्या गोष्टी मोजक्या: कागद किती आणि कसा दुमडलाय, तो तुंबला तर ऑइलला वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह, आणि इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरू न देणारा रबरी पडदा. हा पडदा कडक पडला की सकाळी स्टार्टला इंजिन क्षणभर कोरडं खडखडतं.

डुप्लिकेट ही तिसरीच जात. माझ्या टेबलावर कापून ठेवलेला एक फिल्टर आहे, कधीही येऊन बघा. आत मोजून थोड्या घड्या आणि त्याही एका बाजूला सुटलेल्या. आणि गंमत म्हणजे त्याचा डबा बघाल तर अस्सल कंपनीचा वाटेल! नकली माल नेहमी खपणाऱ्या नावानेच निघतो, ज्याला कोणी ओळखत नाही त्याची नक्कल कोण करणार? म्हणून मी डबा कमी बघतो आणि दुकानदार जास्त. साताऱ्यातला असो की पुण्याच्या नाना पेठेतला, पक्कं बिल देणारा हवा.

सगळंच बाहेरचं चालतं असंही मी म्हणत नाही. ऑइल पंप आणि प्रेशर स्विच मी कंपनीचाच टाकतो, दोन दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल. तो लाल दिवा हाच स्विच लावतो; स्विच खोटं बोलला तर दिवा लागणारच नाही, आणि मग इंजिन बसल्यावरच कळतं.

तुम्ही लिहिलंय की बाहेरच्या गॅरेजला कंपनीचे पार्ट मिळतच नाहीत. पूर्वी ही अडचण खरीच मोठी होती. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता; पुढे प्रकरण अपिलात गेलं. आज तुमच्या गाडीचे पार्ट वितरकाकडे मिळतात. त्या दिवशी माझ्याकडे नव्हता, एवढंच.

एक गोष्ट मात्र मला सतावतेय. दिवा लागल्यावर पेट्रोल पंपापर्यंत दोन किलोमीटर गाडी चालवली, असं तुम्ही लिहिलंय. तो दिवा ऑइल थोडं कमी झालं म्हणून लागत नाही, प्रेशर गेलं की लागतो. तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं असतं. हे गाडी देताना आम्ही कोणालाच सांगत नाही, म्हणून दोष तुम्हाला देत नाही. पण तपासणी व्हायला हवी. गाडी घेऊन या. गेज लावून प्रेशर मोजू, टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलून आतला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बघू, चेंबर उतरवावं लागलं तर तेही. काही बिघडलेलं निघालं तर तो खर्च माझा. पुण्यातच दाखवायची असेल तर तिथे दाखवा आणि बिल मला पाठवा.

टोइंगचे, पुण्यातल्या फिल्टर-ऑइलचे आणि आमच्या सर्व्हिसचे पैसे परत देतोय. पावत्यांचे फोटो गॅरेजच्या नंबरवर पाठवा. स्टार बदला असं मी म्हणणार नाही. आणि तो काढलेला फिल्टर फेकला नसेल तर रिंगांसकट घेऊन या, पोरांना दाखवायला मला हवाय.