नऊ महिने एकही गोळी नको म्हणे! त्या फॉरवर्डला मेडिकलच्या काउंटरवरनं उत्तर

गेल्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत सगळं सामसूम असतं त्या टायमाला, एक मावशी दुकानात आल्या आणि पिशवीतनं रक्तवाढीच्या लाल गोळ्यांच्या चार स्ट्रिपा काढून माझ्यापुढं ठेवल्या, त्यातली एक फोडलेली, तीन गोळ्या गेलेल्या. "ह्या परत घे गं, सुनेला सहावा लागलाय, नको आता गोळ्याबिळ्या, फोनवर आलंय न्हवं." आणि मोबाईल माझ्या नाकासमोर.

तो मेसेज तुम्हालाही आला असणार. थोडक्यात असा: आईनं घेतलेली प्रत्येक गोळी थेट बाळाच्या रक्तात जाते, लोखंडाच्या गोळीनं बाळ काळं होतं, थायरॉईडच्या गोळीनं बाळाला जन्मतःच थायरॉईड होतो, तापाच्या गोळीनं ऑटिझम, डिप्रेशनच्या गोळीनं बाळ जन्मतः व्यसनी, म्हणून नऊ महिने एकही गोळी नको, देशी औषध घ्या त्याला साईड इफेक्ट नाही, पूर्वीच्या बायका कुठं गोळ्या घेत होत्या, दहा जणींना पाठवा.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण चौदा वर्षं ह्याच गोळ्या हातातनं जातायत म्हणून एकेक घेते.

"प्रत्येक गोळी थेट बाळाला." बहुतेक औषधं वारेतनं कमीजास्त पलीकडं जातात हे खरं आहे, पण 'प्रत्येक' आणि 'थेट' हे दोन्ही शब्द चुकीचे. इन्सुलिनचा रेणू एवढा मोठा की तो वारेतनं जवळजवळ जातच नाही, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिनही जात नाही. जाते ती साखर! आईची शुगर वाढली की ती सरळ बाळाकडं, मग बाळाचं शरीर स्वतः जास्त इन्सुलिन तयार करतं, बाळ थोराड होतं आणि नाळ कापली की साखरेचा पुरवठा बंद पण इन्सुलिन चालूच, म्हणून त्याची शुगर धाडकन उतरते. अशा बाळाच्या टाचेला टोचून सारखी शुगर का बघतात हे आता कळलं असेल. म्हणजे इथं इन्सुलिन न घेतल्याचाच त्रास बाळाला.

"लोखंडाच्या गोळीनं बाळ काळं." ह्याच्यावर मी हसते पण चिडते जास्त. रंग आईबापाकडनं येतो. गोळीनं काळी होते ती आईची शी, आणि मला वाटतं तिथनंच ही अफवा निघाली असावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्त कमी निघालं, म्हणजे दोघींत एक. बाळ आपला लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरून घेतं, जन्मल्यावर पहिले काही महिने त्याच्यावरच भागवायचं असतं, आणि आईचं रक्त फारच कमी असेल तर बाळ कमी वजनाचं, दिवस भरायच्या आधी, ह्याचीही भीती जास्त. सरकारी योजनेत १८० दिवस रोज एक गोळी देतात ती काय हौस म्हणून देत नाहीत. त्याच गोळीत फॉलिक ॲसिडपण असतं. ते खरं तर दिवस राहायच्या आधीपासनं घ्यायचं, कारण बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासनं २८ दिवसांत बंद होते, तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचंपण लक्षात आलेलं नसतं.

थायरॉईडचं तर एकदम उलटं आहे. ती गोळी म्हणजे आपल्या गळ्यातली ग्रंथी जे बनवते तेच. पहिले तीनेक महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, तोवर त्याचा मेंदू आईच्याच हार्मोनवर वाढतो, म्हणून तर दिवस राहिले की डोस बहुतेक वाढवावा लागतो. आमच्याकडं एक ताई येतात, असाच कुठलातरी मेसेज वाचून दीड महिना गोळी बंद केली, कुणाला सांगितलं नाही, मग टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढतं ते) वाढलेलं आलं आणि डॉक्टरांचं ऐकून घ्यावं लागलं. आणि बाळाला जन्मतः थायरॉईड असतो तो बहुतेक वेळा त्याची ग्रंथीच नीट तयार न झाल्यानं, आईच्या गोळीनं नव्हे. जाता जाता, ही गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोखंड-कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, सगळ्या एकदम घशात टाकू नका बायांनो.

तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ऑटिझम. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रम्प ह्या दोन्हींचा संबंध जोडून बोलले आणि इकडं आमच्या काउंटरवर प्रश्न सुरू. काही अभ्यासांत थोडासा संबंध दिसला होता हे मान्य, पण २०२४ मध्ये स्वीडनचा मोठा अभ्यास आला, सुमारे २५ लाख मुलांचा, त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईनं गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही, आणि तो संबंध दिसेनासाच झाला. उलट सुरुवातीच्या आठवड्यांत सडकून ताप अंगावर काढला तर तोच बाळाला बाधू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच, लागेल तेवढेच दिवस.

डिप्रेशनच्या गोळीत मात्र मेसेजमध्ये कणभर खरं आहे. ह्यातल्या नेहमीच्या गोळ्या शेवटच्या महिन्यांत चालू असतील तर दहातल्या साधारण तीन बाळांना पहिले काही दिवस थरथर, किरकिर, दूध ओढायला त्रास असं होऊ शकतं, बहुतेकांचं दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं. त्याला व्यसन म्हणत नाहीत. बाळंतपणाच्या आधी बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवलं की ते लक्ष ठेवतात. अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांची गोष्ट निराळी, ट्रामाडॉल वगैरे रोज चालू असेल तर बाळाला खरंच विथड्रॉवल, म्हणजे औषध अचानक तुटल्याचा त्रास, होतो. पण दोन्हींची भेळ करून आधीच खचलेल्या पोरीला 'तू बाळाला व्यसनी करतेस' म्हणायचं म्हणजे कहर आहे.

आता भीती उगाच आलेली नाही हेपण खरं. थॅलिडोमाईड १९५७ मध्ये जर्मनीत आलं, मळमळीवर, झोपेवर म्हणून गरोदर बायकांना दिलं, १९६१ ला मागं घेईपर्यंत जगभरात दहा हजारांच्या वर बाळं हातापायांच्या व्यंगानं जन्मली. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी फाईलवर सही केली नाही म्हणून तिथं ते विक्रीला आलं नाही. आजही फिटची व्हॅलप्रोएट, मुरमांची आयसोट्रेटिनॉईन, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या बीपीच्या गोळ्या ह्या खऱ्याच धोक्याच्या. पण त्या मूल व्हायच्या विचारातच डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायच्या. फिटची गोळी मनानं बंद केली आणि जोराची फिट आली तर आई आणि बाळ दोघंही अडचणीत.

आणि गंमत बघा, ज्या गोळीला खरंच घाबरायला पाहिजे तिचं त्या मेसेजमध्ये नावच नाही. "कंबर लई दुखतीय, एक कॉम्बिफ्लाम द्या," असं सातव्या महिन्यातली बाई बिनधास्त मागते. त्यात आयब्युप्रोफेन असतं. विसाव्या आठवड्यानंतर ह्या वर्गातल्या गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर ताण येऊन गर्भजल कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये तसा इशारा दिलाय, आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच आकसू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, दोन्ही त्यातल्याच. (बीपीसाठी डॉक्टरांनी दिलेली कमी डोसची ॲस्पिरिन ह्यात धरू नका, ती चालूच ठेवा.)

"देशी औषधाला साईड इफेक्ट नाही." मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, घरात काढा होतोच. पण २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं सहा गरोदर बायकांची नोंद केली, आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या गोळ्यांतनं त्यांच्या रक्तात शिसं चढलेलं, आणि शिसं वारेतनं मजेत पलीकडं जातं. आणि ते 'मुलगाच होणार' म्हणून पुडीत मिळणारं? हरियाणात अभ्यास झालाय, तसलं औषध घेतलेल्यांत बाळाच्या जन्मजात व्यंगांचं प्रमाण जास्त निघालं. देणारा कुठली चिठ्ठी देत नाही, पुडीवर नाव नसतं, एक्सपायरी नसते. कोण कुणाला विचारणार?

पूर्वीच्या बायका गोळ्या घेत नव्हत्या, बरोबर. १९९७-९८ ला देशात लाखभर बाळंतपणांमागं सुमारे चारशे आया जात होत्या, २०१८-२० ला तो आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात ३३. सगळं काय गोळ्यांनी झालेलं नाही, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, रक्त मिळायला लागलं, पण त्या 'पूर्वीच्या' आठवणी सांगायला ज्या उरल्या त्याच सांगतायत ना.

मावशींना मी कागदावर लिहून दिलं: लाल गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियम वेगळ्या टायमाला, शी काळी होणार, घाबरायचं नाही. स्ट्रिपा पिशवीत परत गेल्या. पायरीवरनं वळून म्हणाल्या, "आणि तो मेसेज गं? मी भिशीच्या ग्रुपवर टाकलाय की." बघितलं तर चार दिवस झालेले, सगळ्यांकडचं डिलीट करायची वेळ कधीच टळलेली. म्हणून हे टाईप करत बसलेय.