‘मिंग’ शिंपल्याला वय मोजण्यासाठी मारले का?

जगातील सर्वांत वृद्ध प्राण्याचे वय पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याचा शिंपला उघडला आणि ५०७ वर्षांचा तो जीव त्यांच्याच हातून मेला, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. ‘मिंग’ नावाचा हा शिंपला संशोधनात दगावला, हे खरे आहे. बाकीची हकिकत मात्र तपासून घ्यावी लागते.

पहिला दावा वय मोजण्यासाठी जीव घेतल्याचा. २००६ साली आइसलँडच्या उत्तरेकडील समुद्रतळावरून ‘आर्क्टिका आयलँडिका’ या जातीचे अनेक शिंपले संशोधनासाठी गोळा करण्यात आले आणि जहाजावरच गोठवण्यात आले. त्यांपैकी एखादा पाच शतकांचा असेल हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता. ही जात सुरुवातीची काही वर्षे भराभर वाढते, पुढे मात्र तिची वाढ इतकी मंदावते की शंभर वर्षांचा आणि चारशे वर्षांचा शिंपला नुसत्या आकारावरून वेगळा काढता येत नाही. मिंगची लांबीही नऊ सेंटीमीटरांच्या आतच होती. शिंपला बिजागरीपासून कडेपर्यंत कापायचा, छेद घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावरील वार्षिक वाढरेषा सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायच्या, तेव्हा कुठे वय हाती लागते. मिंगच्या बाबतीत हे काम वेल्समधील बँगोर विद्यापीठात झाले, आणि तोवर तो कधीच मेलेला होता.

दुसरा आक्षेप असा, की समुद्रतळावर रिकामे शिंपले पडलेले असताना जिवंत प्राणी उचलायचे कारण काय? आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. रिकामे शिंपलेही वापरले जातात. पण ते कोणत्या साली मेले हे त्यांच्यावरून थेट कळत नाही. जिवंत सापडलेल्या शिंपल्याची शेवटची रेषा मात्र कोणत्या वर्षाची हे निश्चित असते. तिथून मागे मोजत गेले की रुंद-अरुंद रेषांचा क्रम जुन्या, मृत शिंपल्यांच्या क्रमाशी जुळवता येतो आणि कालगणना शतकानुशतके मागे नेता येते.

तिसरा मुद्दा ‘जगातील सर्वांत वृद्ध प्राणी’ या बिरुदाचा. ज्यांचे वय खात्रीने मोजले गेले आहे अशा, वसाहत करून न राहणाऱ्या प्राण्यांत मिंग सर्वांत दीर्घायुषी ठरतो, एवढेच म्हणता येते. खोल समुद्रातील काही प्रवाळ-वसाहतींचे वय चार हजार वर्षांहून अधिक निघाले आहे. अर्थात यामुळे मिंगचे महत्त्व कमी होत नाही. त्याचा जन्म १४९९ चा, म्हणजे १६३० साली शिवराय जन्मले तेव्हा तो सव्वाशे वर्षांचा होऊन गेला होता. अशा जिवाच्या मृत्यूची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती मलाही वाटते.

आधी ४०५ आणि मग ५०७, असा आकडा बदलला म्हणून सगळेच संशोधन अविश्वसनीय ठरवणारेही आहेत. २००७ मधील मोजणी बिजागरीजवळच्या भागावर केली होती आणि तिथे रेषा फार दाटीने बसलेल्या असतात. पुढे कडेकडील रुंद रेषा मोजल्या, इतर शिंपल्यांशी ताडून पाहिल्या आणि कार्बन-१४ पद्धतीनेही (किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून वय काढण्याच्या पद्धतीने) पडताळा घेतला, तेव्हा २०१३ मध्ये सुधारित वय जाहीर झाले.

राहिला शेवटचा आरोप, की हा जीव फुकट गेला. मिंगसारख्या शिंपल्यांच्या रेषा जोडून आइसलँडजवळच्या समुद्राची इ.स. ६४९ ते २००५ अशी १३५७ वर्षांची, वर्षागणिक नोंद तयार झाली आहे. त्याच शिंपल्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, २०१६ मध्ये असे दिसून आले, की औद्योगिक युगापूर्वी तिथल्या समुद्रातील बदल आधी घडत आणि उत्तर गोलार्धातील हवेचे तापमान त्यांच्या मागोमाग बदलत असे, इ.स. १८०० नंतर हा क्रम उलटला असून आता हवा आधी बदलते आणि समुद्र मागून.