तीन सामने, नऊ गोल आणि खानापूरच्या सरांची प्रतिक्रिया

सर, नमस्कार.

सतरा वर्षांखालच्या भारतीय फुटबॉल संघावर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. खाली चार ओळी लिहून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेत, तरुणपणी फुलबॅक खेळायचे. त्यांचं म्हणणं असं: २०१७ च्या विश्वचषकात आपण यजमान म्हणून आत शिरलो, तीनही सामने हरलो, नऊ गोल खाल्ले, एक केला, याला इतिहास म्हणून डोक्यावर घेणं ही पोरांची दिशाभूल आहे. दुसरं, त्या संघातल्या अनिकेत जाधवला मी ‘आपल्याकडचा’ असं लिहिलं. कोल्हापूरचा मुलगा बेळगावचा कसा झाला? ‘आपला एक तरी दाखवा,’ असं त्यांचं वाक्य आहे. तिसरं, अख्ख्या लेखात मुलींच्या संघाबद्दल एक ओळ नाही.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथं मी चुकलो. २०२२ साली सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि आपले तिन्ही सामने भुवनेश्वरला झाले. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. मुळात ही स्पर्धा २०२० साली व्हायची होती. कोरोनामुळं आधी पुढं गेली, मग रद्द झाली, आणि त्या वर्षासाठी तयार झालेल्या मुलींचं वय उलटून गेलं. त्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफानं आपल्या महासंघालाच निलंबित केलं. बंदी उठली तेव्हा स्पर्धेला दीड महिना राहिला होता. हे सगळं मला माहीत होतं, तरी लिहिलं नाही. त्याला कारण नाही. याच वयोगटाच्या मुली २०२५ च्या ऑक्टोबरात बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवून आशियाई स्पर्धेसाठी पात्र ठरल्या, आणि त्यांच्यावर वेगळा लेख लिहिणं माझ्याकडं लागतं.

आता २०१७. तुमचे आकडे बरोबर आहेत. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. यजमान नसतो तर त्या स्पर्धेत आपण नसतो, हेही खरं. पण तुम्ही लिहिलंय, ‘तो एक गोलसुद्धा मिनिटभर टिकला नाही.’ त्यावर मला बोलायचंय.

९ ऑक्टोबरची, कोलंबियाच्या सामन्याची ती रात्र मी बेळगावच्या वडगावात एका मित्राच्या घरी होतो. मागच्या खोलीत माग, पुढच्या खोलीत टीव्ही. त्याच्या वडिलांनी सामन्यापुरते माग बंद ठेवले होते. विणकराच्या घरात हे सहज होत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर मारला आणि जिक्सन सिंगनं उंच उडी घेऊन डोक्यानं चेंडू आत घातला. कुठल्याही वयोगटाच्या फिफा विश्वचषकात भारतानं केलेला हा पहिला गोल. ‘गेला की बे, आत गेला!’ म्हणत पोरं अंगणात धावली. पुढच्याच मिनिटाला पेन्यालोझानं कोलंबियाचा दुसरा गोल केला, तेव्हा त्यातला एकजण अजून बाहेरच नाचत होता. त्याला आत बोलावून ‘दोन-एक झाले’ हे सांगायचं काम माझ्यावर आलं. ते मी विसरलेलो नाही, त्यामुळं गोल टिकला नाही हे मला कुणी सांगायला नको.

पण सर, तो गोल करणारा पोरगा तिथं पोहोचला कसा, हे बघा. जिक्सन मणिपूरचा, चंदिगडकडच्या मिनर्व्हा अकादमीत वाढलेला. त्या अकादमीच्या पोरांनी एका सराव सामन्यात राष्ट्रीय संघालाच हरवलं. प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस हे पोर्तुगीज गृहस्थ २०१७ च्या मार्चमध्ये, म्हणजे स्पर्धेला जेमतेम सात महिने असताना आले होते. त्यांनी तिथली काही मुलं उचलली, त्यात हा होता. तो सराव सामना झालाच नसता तर? पोरगा तोच, उंची तीच, उडी तीच, पण आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. पोरगं सामन्यात दिसतं. कवायतीत दिसत नाही, प्रमाणपत्रात दिसत नाही. माझ्या लेखात मला हेच म्हणायचं होतं आणि ते नीट उतरलं नाही, हा दोष माझा.

तुम्ही विचारलंत, ‘२०१७ नंतर काय दिवे लावले?’ इथं मी एकाच प्रतिस्पर्ध्याकडं बघून उत्तर देतो. इराण. आशियात युवा फुटबॉल मोजायचा तर इराणची पट्टी चांगली आहे.

१९७४ साली बँकॉकच्या आशियाई युवा स्पर्धेत शब्बीर अलीचा भारतीय संघ अंतिम सामन्यात इराणशी २-२ बरोबरीत सुटला आणि विजेतेपद दोघांत वाटून दिलं गेलं. आपल्या युवा संघांच्या नावावर आशियाई विजेतेपद एवढं एकच आहे, आणि त्याला पन्नास वर्षं उलटली. पुढं २०१६ ला सोळा वर्षांखालची आशियाई स्पर्धा गोव्यात झाली, आपल्या उंबऱ्यावरच. तिथं इराणनं आपल्याला ३-० हरवलं. २०१७ ला कोलंबियाच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी चार पोरं घेऊन चोर्ला घाट उतरलो, मडगावला इराण-जर्मनी बघायला. फातोर्ड्याच्या मैदानावर इराणनं जर्मनीला ४-० धुतलं. माझ्यासोबतचा चौदा वर्षांचा पोरगा परत येताना कणकुंबीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, ते पण आशियातलेच नव्हं?’

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ ला मलेशियात, बिबियानो फर्नांडिस या गोव्याच्या प्रशिक्षकाच्या हाताखालच्या आपल्या सोळा वर्षांखालच्या संघानं इराणला ०-० रोखलं. गोलरक्षक नीरज कुमारनं पेनल्टी अडवली. व्हिएतनामला १-० हरवलं, इंडोनेशियाशी बरोबरी केली आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याआधी ती २००२ साली गाठली होती. तिथं दक्षिण कोरियाकडून ०-१ हरलो. तो एक सामना जिंकलो असतो तर २०१९ च्या विश्वचषकाचं तिकीट हातात होतं, यजमानपदाची मेहेरबानी न घेता. तेव्हा आशियातून उपांत्य फेरीतले चारच संघ जायचे. आता विश्वचषक ४८ संघांचा झालाय, आठ जातात. आजच्या नियमानं ती पोरं कोरियाशी हरूनही गेली असती. हे मला अजून टोचतं.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अहमदाबादला, सतरा वर्षांखालच्या संघासमोर पुन्हा इराण. जिंकल्याशिवाय आशियाई स्पर्धा नाही अशी वेळ, त्यात पहिला गोल त्यांचा. तिथून आपण २-१ जिंकलो. प्रशिक्षक पुन्हा बिबियानोच.

ही चढती कमान आहे असा माझा दावा नाही. मध्ये २०२३ ला थायलंडमध्ये जपाननं आपल्यात आठ गोल घातले. आपण चार केले, पण आठ ते आठच. २०२५ च्या आशियाई स्पर्धेला आपण पात्रही ठरलो नव्हतो. म्हणजे वर-खाली, वर-खाली. पण २०१७ च्या त्या पोरांतला जिक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली, रहीम अली हे पुढं मुख्य संघात खेळले. विश्वचषकानंतर वर्षाच्या आत, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत वीस वर्षांखालच्या संघानं दहा जणांवर येऊनही अर्जेंटिनाला २-१ हरवलं. त्यातला दुसरा गोल अन्वर अलीचा. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून लिओनेल स्कालोनी होते, ज्यांनी चार वर्षांनी मेस्सीच्या संघाला विश्वविजेता केलं. तीन पराभवांवर पान उलटलं असतं तर हे पुढचं दिसलं नसतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. तो मला खरा लागला, म्हणून त्याच्यापाशी जास्त थांबतो.

अनिकेत जाधव कोल्हापूरचा, घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. मी ‘आपल्याकडचा’ लिहिलं ते भाषेच्या मायेनं. टीव्हीवर त्याचं नाव आलं की वडगावात, शहापुरात, अनगोळात जो आवाज उठायचा तो मी ऐकलाय. पण त्याच घरात स्टॅलिनच्या कॉर्नरवरही तेवढाच आवाज उठला होता आणि स्टॅलिन बेंगळुरूचा. त्या रात्री दोघंही आमचेच होते. तरीही तुम्ही म्हणता तसं, बेळगाव जिल्ह्यातला पोरगा विश्वचषकाच्या त्या २१ जणांच्या संघात नव्हता.

एक हिशेब बघा. त्या २१ पैकी आठ जण मणिपूरचे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मणिपूरची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाख. आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची जवळपास अठ्ठेचाळीस लाख. आपल्या पोरांच्या पायात काही कमी आहे असं तुम्ही म्हणणार नाही, कारण तुम्ही ती पोरं घडवलीत. पावसाळ्यात लेले मैदानाच्या चिखलात अनवाणी खेळणारी पोरं मी दर वर्षी बघतो. कमी आहेत ते सामने, आणि सामन्यातून पुढं नेणारी वाट.

ती वाट आपल्याकडं उलट्या दिशेनं जाते. निपाणीच्या पोराला कोल्हापूर चाळीस किलोमीटर. तिथल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना बघून तो रात्री घरी जेवायला परततो. खानापूरच्या पोराला घाट उतरला की गोवा, जिथं गावागावात मैदान. पण राष्ट्रीय स्पर्धा राज्यांच्या संघांमध्ये होतात, म्हणजे त्याला कर्नाटकाच्या संघातूनच जायला हवं, आणि त्यासाठी पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूत कुणाच्या तरी नजरेत यायला हवं. प्रबोधिनी महाराष्ट्र शासनाची, महाराष्ट्रातल्या मुलांसाठी. फुटबॉलची दोन मोठी गावं हाताच्या अंतरावर, आणि दोन्हींचं दार दुसऱ्या राज्यात.

मघाशी सांगितलेला, कणकुंबीपर्यंत गप्प बसलेला पोरगा. दोन वर्षांनी त्याला एका निवड चाचणीला न्यायचं ठरलं. निरोप आला दोन दिवस आधी. रिझर्व्हेशन कुठलं मिळणार? त्याचे वडील मागावर कामाला. दोन दिवसांची मजुरी सोडून ते त्याला घेऊन बेंगळुरूला जाणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून गेले. रात्रभर दाराशी बसून प्रवास, सकाळी उतरून थेट मैदान. ढिगानं पोरं आलेली. ह्याला वीस मिनिटं खेळवलं, तेही विंगर असताना बॅकला. संध्याकाळच्या गाडीनं बापलेक परत. त्यानं मला एवढंच सांगितलं, ‘चेंडू चारदाच आला, सर.’ आता तो उद्यमबागेत कारखान्यात लागलाय. रविवारी खेळतो, छान खेळतो.

मणिपूरच्या पोराला चेंडू चारदाच मिळत नाही. वर्षभर गल्लीचे, गावाचे, अकादमीचे सामने होत असतात, कुणी ना कुणी बघत असतं. एखाद्या चाचणीत वाईट दिवस गेला तरी त्याचं सगळं बुडत नाही. आमच्या पोराचं बुडालं. म्हणून ‘आपला एक तरी दाखवा’ हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, तो मला आपल्या सगळ्यांना विचारायचाय. फुटबॉलच्या नावानं फक्त पावसाळी स्पर्धा भरवणाऱ्या आणि बक्षीस समारंभ झाला की गोलपोस्ट काढून ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांना आधी.

तुम्ही शेवटी लिहिलंत, ‘लेख लिहून संघ होत नाही.’ मान्य. म्हणून एक ठोस गोष्ट मांडतो. आमच्याकडं वडगाव-शहापूर मिळून तेरा वर्षांखालची बावीस पोरं आहेत, त्यात पाच मुली. तुमच्या ओळखीनं खानापूर तालुक्यातून एक संघ उभा राहील असं मला वाटतं. निपाणीच्या एका मित्राशी बोललोय, त्याच्याकडं पंधरा-सोळा पोरं जमतात. दिवाळीनंतर महिन्यातून दोन रविवार, आळीपाळीनं तिन्ही ठिकाणी, मेपर्यंत. करंडक नको, स्टेज नको. प्रत्येक पोराला निदान चाळीस मिनिटं मैदानावर मिळालीच पाहिजेत, एवढा एकच नियम. एसटीचं भाडं आणि पोरांचं जेवण आम्ही मित्र मिळून बघू.

पहिला सामना खानापुरात ठेवू. मैदान कुठलं ते तुम्ही सांगा, आणि त्या दिवशी शिट्टी तुम्हीच घ्या. माझा नंबर तुम्हाला मेलवर पाठवलाय, या आठवड्यात फोन करा, सर.