बॅकप्रेशरचा बागुलबुवा

"सायलेन्सर मोकळा केला, बेंड पाइप जाड टाकला की खालचं पिकअप जातं, कारण इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच. ते नसलं तर व्हॉल्वही जळतात. म्हणून हेडर बनवताना पाइप बारीक ठेवा आणि सगळे जोड पक्के वेल्ड करा." असा मजकूर सध्या बाइकवाल्यांत जो तो पुढे ढकलतोय. (हेडर म्हणजे इंजिनातून जळालेला वायू बाहेर नेणारे सुरुवातीचे पाइप.) यातलं पिकअप जाणं खरं आहे. कारण मात्र साफ चुकीचं आहे, आणि त्यावर विसंबून पाइप कापला तर मेहनत पाण्यात.

आधी पिकअपचं, म्हणजे टॉर्कचं (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचं) बघू. बॅकप्रेशर म्हणजे जळालेल्या वायूच्या वाटेतला अडथळा. फोर-स्ट्रोकमध्ये हा वायू पिस्टनलाच ढकलून काढावा लागतो. अडथळा वाढला की ताकद त्यातच खर्च होते, वर शिळा वायू सिलिंडरमध्ये उरतो. यातून टॉर्क वाढणार कुठून? जाड पाइपमध्ये खरं नुकसान होतं ते वायूच्या वेगाचं आणि लाटेच्या जोराचं.

लाट म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण हेडरचं सगळं गणित तिच्यावर आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडताच दाबाची लाट पाइपातून सुटते. पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून ती कमी दाबाची लाट होऊन व्हॉल्वकडे परतते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व थोडे थोडे उघडे असताना ती पोचली, तर उरलासुरला वायू ओढून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला लागतं. आता ८० सेंटिमीटरचा पाइप धरा. तापलेल्या वायूत लाट सेकंदाला साधारण ५५० मीटर धावते, म्हणजे जाऊन यायला सुमारे ३ मिलिसेकंद. तेवढ्यात क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) ८,००० आरपीएमला जवळजवळ १४० अंश फिरतो, ४,००० ला ७० अंशच. पाइप तोच, पण लाट पोचते तेव्हा पिस्टन भलतीकडेच. चुकीच्या क्षणी दाबाची लाट परतली तर शिळा वायू उलटा आत शिरतो आणि टॉर्कच्या आलेखात खड्डा पडतो. तो भरायचा तर लांबी, व्यास आणि कलेक्टर (पाइप एकत्र येतात तो भाग) बदला. नुसता पाइप आवळून वरची ताकद तेवढी घालवाल.

"मग यामाहाने एक्झॉस्टमध्ये झडप कशाला टाकली?" हा हुकमी प्रश्न. १९८९ च्या एफझेडआर १००० बाइकवरची एक्सअप झडप कमी आरपीएमला वाट अरुंद करते, हे खरंच. पण त्याचा उद्देश अवेळी परतणाऱ्या लाटांचा जोर मोडणं हा आहे. अडथळा ही त्यासाठी मोजलेली किंमत.

"आमच्या इंजिनाला तरी बॅकप्रेशर लागतंच" हे टू-स्ट्रोकवाल्यांचं म्हणणं मात्र अर्धं मान्य. त्यांच्या एक्स्पान्शन चेंबरचा (मध्ये फुगीर असलेल्या एक्झॉस्ट पाइपचा) निमुळता शेवट दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबतो. पण तिथेही खेळ वेळेचाच, आणि तो नियम फोर-स्ट्रोकला लावायचं कारण नाही.

व्हॉल्व जळण्याचा दोष टॅपेट फार टाइट असण्याला (व्हॉल्व पुरता मिटायला फट न उरण्याला) किंवा व्हॉल्व सीटवर नीट न बसण्याला द्या. व्हॉल्वची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. मोकळ्या एक्झॉस्टवर जुनेच जेट (कार्ब्युरेटरमधली इंधनाची छिद्रं) किंवा जुनाच मॅप (इंजेक्शनचं इंधनाचं कोष्टक) ठेवला तर मिश्रण लीन, म्हणजे कमी इंधनाचं, होऊ शकतं. तेही दुरुस्त करायचं ते इंधनाच्या बाजूने.

राहिले जोड. सिलिंडर हेडच्या जवळ गळती नको, इथवर एकमत. पण कारण वेगळं: कमी दाबाच्या क्षणी त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, थ्रॉटल सोडला की फटफट होते आणि ऑक्सिजन सेन्सर फसतो. म्हणून सगळंच वेल्ड करून टाकायचं, हा सल्ला मात्र पाइप फोडणारा आहे. ३०४ स्टेनलेसचा ८० सेंटिमीटर पाइप ५०० अंशांनी तापला की जवळपास ७ मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसली तर तडा बहुधा फ्लँजच्या (पाइप हेडला बसवणाऱ्या पट्टीच्या) वेल्डलाच जातो. म्हणून कलेक्टरला एकात एक सरकणारे जोड ठेवायचे आणि ते स्प्रिंगने धरायचे. आणि स्टेनलेसला टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गॉन वायू सोडायचा, नाहीतर वेल्डची आतली बाजू साखरेसारखी खरबरीत होते आणि तडा तिथूनच सुरू होतो.