यात हसण्यासारखं काय आहे?

विनोदी कादंबरी घरात दुसरं माणूस जागं असताना वाचू नये. झोपलेलं असताना तर मुळीच नाही.

जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' मी बरीच वर्षं टाळलं, कारण जो तो त्याला 'अभिजात' म्हणायचा. १८८९ सालचं पुस्तक. म्हटलं, आदरापोटी कुठेतरी गालात हसलं की भागेल. पण पहिल्याच प्रकरणात हा गृहस्थ ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचं पुस्तक चाळतो आणि गुडघ्याचं एक दुखणं सोडून त्यातले सगळे रोग आपल्याला झालेत, अशी त्याची खात्री पटते. तेवढ्या एका रोगानं आपल्याला का वगळलं, म्हणून तो चक्क खट्टू होतो! मी हे दवाखान्यात, नंबराची वाट बघत वाचत होतो. दाबलेलं हसू नाकावाटे निघालं. शेजारच्या काकू पर्स उचलून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या.

म्हणून पुढचं रात्री, पांघरुणात. तर पलंग हलायला लागला.

"रडतोयस का रे?" बायकोनं विचारलं.

"हसतोय."

"कशाला?"

इथे गप्प बसावं. मी सांगायला गेलो. तिघं जण आणि एक कुत्रा थेम्स नदीतून नावेनं निघालेत. अननसाचा डबा आहे, पण ओपनर नाही.

"बरं."

मग चाकू झाला, कात्री झाली. शेवटी एकानं डबा धरला, दुसऱ्यानं त्यावर अणकुचीदार दगड टेकवला आणि तिसऱ्यानं वरून नावेची डोलकाठी हाणली. डबा धरणारा वाचला तो डोक्यावरच्या टोपीमुळे.

"बरं."

प्रत्येक 'बरं'बरोबर माझ्या गोष्टीतली हवा जात होती. ठोकून ठोकून डब्याला असा पोचा येतो की तोच यांच्याकडे बघून दात विचकतोय असं वाटतं, हे सांगताना मी एकटाच खिंकाळलो.

खरं तर जेरोमला थेम्सचं माहितीपर पुस्तक लिहायचं होतं म्हणे. संपादकानं त्यातला बराचसा इतिहास उडवला. उरलेल्या इतिहासाचा आणि निसर्गवर्णनाचा मी ऋणी आहे, तेवढाच बरगड्यांना विसावा.

"मग खाल्ला का अननस?" अंधारातून प्रश्न आला.

"छे! डबा दिला नदीत फेकून."

"अख्खा?"

"अख्खा."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, खण उघडल्याचा आवाज आला. परत येऊन पांघरूण ओढत म्हणाली, "आपला आहे जागेवर. झोप आता."