ढालीचा नायक आणि हरवलेली चव

इसेकाई ॲनिमेमध्ये (ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका), म्हणजे आपल्या जगातला एखादा तरुण अचानक जादूच्या जगात जाऊन पडतो अशा कथांमध्ये, नायकावर आधी घोर अन्याय व्हावा आणि मग त्याच्या हाती अफाट शक्ती यावी, हा साचा इतका रुळला आहे की 'आरिफुरेता'मधला हाजिमे खोल दरीत कोसळतो तेव्हाच तो काय होऊन वर येणार, हे प्रेक्षकाने ओळखलेले असते. माझी तक्रार शक्तीबद्दल नाही. एकदा अन्याय झाला की कथा नायकाला प्रश्न विचारायचे सोडून देते, हे मला खटकते. आणि २०१९ साली आलेल्या 'द रायझिंग ऑफ द शील्ड हीरो'च्या बाबतीत तर त्याची चुटपुट अधिकच लागते, कारण तिची सुरुवात खरोखर चांगली आहे.

तलवार, भाला आणि धनुष्य मिळालेल्या तिघांबरोबर मेलरोमार्क राज्यात बोलावल्या गेलेल्या नाओफुमीच्या वाट्याला ढाल येते, आणि नियम असा की त्याला दुसरे शस्त्र वापरताच येत नाही. राजकन्या त्याचे पैसे आणि चिलखत लांबवते आणि वर त्याच्यावर बलात्काराच्या प्रयत्नाचा खोटा आळ घेते. त्यानंतर नाओफुमीला अन्नाची चव लागेनाशी होते. अपमान माणसाच्या शरीरात कुठे जाऊन बसतो हे दाखवायला याहून नेमकी जागा मला सुचत नाही.

स्वतः वार करू शकत नसल्यामुळे तो गुलामांच्या व्यापाऱ्याकडून रफ्तालिया नावाची आजारी, भेदरलेली मुलगी विकत घेतो. छळ झालेला माणूस आपल्याहून दुबळ्या जिवाला मालकाच्या अधिकाराने लढायला लावतो, हा प्रसंग कथेला फार खोलवर नेऊ शकला असता. प्रत्यक्षात भालेवीराशी झालेल्या द्वंद्वानंतर तिचे गुलामीचे चिन्ह पुसले जाते, तेव्हा ते पुन्हा उमटवून घेण्याचा आग्रह तीच धरते. नायकाला अपराधातून सोडवण्यासाठी लेखकाने पीडितेच्याच तोंडून संमती वदवून घेतली, असे मला ते पाहताना वाटले. (तिच्या विश्वासामुळे नाओफुमीची चव परत येते, तो क्षण मात्र मला आजही आवडतो.)

पुढे राणी परतल्यावर राजा आणि राजकन्या यांना मृत्युदंड फर्मावला जातो. नाओफुमी तो थांबवतो आणि त्याऐवजी राजाचे नाव 'कचरा' व राजकन्येचे नाव एक गलिच्छ शिवी ठेवायला लावतो. मालिका हे दयेचे रूप म्हणून दाखवते, आणि वीस भाग त्या मुलीचा राग राग करायला शिकलेला प्रेक्षक टाळ्या वाजवतो. मीही पहिल्यांदा वाजवल्या होत्या.

याउलट 'रे:झीरो'मधला सुबारू सगळ्या सरदारांसमोर हास्यास्पद ठरतो तो स्वतःच्याच बढाईमुळे, आणि मेल्यावर काळात मागे परतण्याची त्याची शक्ती त्याला त्या लाजेतून सोडवत नाही. तो प्रसंग मला एका बैठकीत पाहवला नाही. शील्ड हीरोचा एकही भाग मध्येच थांबवावा लागला नव्हता.