भाकरी, बाप्तिस्मा आणि ‘केवळ’ हा शब्द

गेली काही वर्षे एक मजकूर हातोहात फिरतो आहे. दर वेळी शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे मात्र तेच राहतात. ख्रिस्ती मंडळींची दीनदुबळ्यांविषयीची कळकळ हा केवळ धर्मांतराचा सापळा होता. तो इंग्रजी राज्याच्या आश्रयाने लावला गेला. पंडिता रमाबाईंसारखी विदुषी त्यात सापडली आणि पुढे परदेशी पैशावर, परदेशी धर्मगुरूंच्या हुकमाने तिने दुष्काळातील अनाथ मुली बाटवल्या. आणि ज्यांच्या चर्चमध्येच जातपात आहे त्यांनी आम्हाला समता शिकवू नये, असा त्याचा सारांश आहे. शेवटी एक प्रश्न असतो: यांनी किती हिंदू विधवांना हिंदू राहू दिले?

हा मजकूर सर्वस्वी खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. त्यात काही खरे आहे. बाप्तिस्मे झाले, परदेशातून पैसा आला, आणि चर्चमध्ये जात आहे. माझा वाद आहे तो ‘केवळ’ या एका शब्दाशी, कारण त्या शब्दावर सारा डोलारा उभा आहे आणि तोच शब्द कागदपत्रांपुढे टिकत नाही.

इंग्रजी राज्याच्या आश्रयाचा मुद्दा आधी घेतो. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माच्या भानगडीत पडले तर व्यापार बुडेल, शिपाई बिथरतील, ही तिची भीती होती. म्हणूनच विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याने १८०० मध्ये कंपनीच्या कलकत्त्यात नव्हे, तर बंगालमधील, डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूरला बस्तान बसवले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत पोचले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते. त्याच वर्षी कंपनीच्या सनदेत बदल झाल्यावर मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा झाला, आणि पुढच्या काळात सरकार आणि मिशन यांचे अनेक ठिकाणी गूळपीठ जमले, हेही मान्य केले पाहिजे. अनेक मिशनऱ्यांना इंग्रजी राज्य ही देवाची योजनाच वाटत असे.

पण त्याच परंपरेत रेव्हरंड जेम्स लाँगही बसतो. बंगालमध्ये निळीचे मळेवाले शेतकऱ्यांवर जुलूम करत होते. त्यावर दीनबंधू मित्रांनी ‘नीलदर्पण’ हे नाटक लिहिले आणि त्याचे इंग्रजी भाषांतर लाँगने छापून आणले. मळेवाल्यांनी खटला भरला. १८६१ मध्ये या पाद्र्याला एक महिना कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. तो दंड कालीप्रसन्न सिंह या बंगाली गृहस्थांनी तिथल्या तिथे भरला. गोऱ्या मळेवाल्यांच्या फिर्यादीवरून, गोऱ्या न्यायाधीशाने, निळीच्या रयतेची बाजू घेणाऱ्या गोऱ्या पाद्र्याला तुरुंगात टाकले, ही गोष्ट ‘राज्याचा हस्तक’ या चौकटीत बसवायची तर चौकटच मोडावी लागेल.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि तपासणीच्या नावाखाली गोरे शिपाई घराघरांत घुसत होते. प्लेगच्या दवाखान्यात आणि विलगीकरणाच्या छावणीत नेलेल्या स्त्रियांची जी दशा होत होती, त्यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिले. त्यांच्या स्वतःच्या आश्रयाखालील एका मुलीची कथा त्या पत्रात होती. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. ‘केसरी’ आणि रमाबाई यांचे वैर महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या वर्षी प्लेगच्या कारभारावर दोघेही तुटून पडले होते. रमाबाईंना बाप्तिस्मा घेऊन तेव्हा चौदा वर्षे होत आली होती. राज्यकर्त्यांच्या धर्मात गेलेल्या बाईने राज्यकर्त्यांच्या तोंडावर हे सांगावे, याचा उलगडा सापळ्याच्या सिद्धान्ताने होत नाही.

आता त्या ‘सापडल्या’ म्हणजे काय झाले ते पाहू. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळाच्या फेऱ्यात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली, भावाबरोबर पायी हिंदुस्थान पालथा घातला आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या. बिपिन बिहारी मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील वकिलाशी त्यांनी लग्न केले आणि दोन वर्षांच्या आत त्या विधवा झाल्या. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची मागणी केली. हे सगळे बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. पीडित स्त्रियांची कळकळ त्यांना मिशनऱ्यांनी शिकवली नाही. ती घेऊनच त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

मग ख्रिस्ती धर्मात त्यांना काय दिसले? ते त्यांनीच पुढे आपल्या धर्मांतराविषयीच्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. इंग्लंडमधील वाँटेजच्या ज्या मठवासी भगिनींकडे त्या राहत होत्या, त्या मठाचे लंडनच्या फुलहॅम भागात ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान होते. ज्या बाईचे नाव कोणी सभ्य माणूस घेणार नाही, तिची सेवाशुश्रूषा चांगल्या घरच्या स्त्रिया करताहेत, हे दृश्य त्यांनी आधी कुठे पाहिले नव्हते. असे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना बायबलमधील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. समाजाने टाकलेल्या त्या बाईशी विहिरीवर बसून ख्रिस्त बोलतो, ही ती गोष्ट. रमाबाईंच्या धर्मांतरात ना भाकरी होती ना नोकरी. त्यांना पटली ती करुणा, आणि पुढे केडगावात अशाच स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ काढून त्यांनी तीच राबवली.

‘परदेशी धर्मगुरूंच्या हुकमाने’ हे शब्द वाचले की मला रमाबाईंची इंग्लंडमधली पत्रे आठवतात. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेशी त्यांचा वाद जवळपास प्रत्येक मुद्द्यावर झाला आहे. मांसाहार त्यांनी केला नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी आणि त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये, कारण मायदेशी ते बरे दिसणार नाही, असे मत हिंदुस्थानातील बिशपांनी दिले, तेव्हा त्यांचा संताप अनावर झाला. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली ती दुसऱ्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. अशा बाईला कोणाची हस्तक म्हणणे हे तिला न वाचण्याचे लक्षण आहे.

पैशाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेचा दहा वर्षे खर्च उचलण्याची हमी दिली ती एका अटीवर. शाळा कोणत्याही पंथाची नसावी आणि मुलींना धर्माच्या बाबतीत मोकळीक असावी. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत ही शाळा, शारदा सदन, उघडली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आली. तिथे विधवांना आपले सोवळेओवळे पाळता येत होते, स्वयंपाक वेगळा करता येत होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते.

इथे मजकुराच्या बाजूचे जे आहे ते मांडणे भाग आहे. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावले नाही, कोणाला अडवले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आश्रयासाठी आलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीला आश्रयदात्रीचे उघडे दार हे बोलावण्यासारखेच वाटते, असा आक्षेप कोणी घेतला तर मी तो हसण्यावारी नेणार नाही. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी याच कारणावरून अंग काढून घेतले आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. ही माणसे धर्मवेडी नव्हती. त्यांच्या आक्षेपात वजन होते.

पण मजकुराचा रोख शारदा सदनावर नसून केडगावावर असतो. हे केडगाव दौंड तालुक्यातले, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचे. नगरजवळचे नव्हे, ही चूकसुद्धा फिरणाऱ्या मजकुरात सापडते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या स्त्रिया आणि मुले मिळून संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. या मुलींपैकी मोठ्या संख्येने पुढे बाप्तिस्मा घेतला. केडगावची ही ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, तिथे शारदा सदनाची अट नव्हती, आणि रमाबाईंनी तसे कधी भासवलेही नाही.

तेव्हा भाकरीच्या बदल्यात धर्म गेला, असे म्हणता येईल का? अदलाबदल म्हणायची तर बाप्तिस्मा न घेणाऱ्याची भाकरी बंद व्हायला हवी. ती बंद झाल्याचा पुरावा हा मजकूर देत नाही. शिवाय भुकेल्या मुलीला धर्मांतरित करणे एवढाच हेतू असेल, तर पुढची पंचवीस वर्षे तिला विणकाम, छपाई, दुग्धव्यवसाय, तेलघाणी, शेती आणि शिक्षकी शिकवण्याचे कारण काय? आंधळ्या मुलींसाठी वेगळे सदन काढून त्यांना ब्रेल शिकवण्याचे कारण काय? बाप्तिस्म्याला एक दिवस पुरतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तेही मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले आणि छापले. ज्यांना अक्षर शिवू द्यायचे नाही असा दंडक होता, त्या बायका छपाईचे खिळे जुळवत होत्या. प्रचाराचे साधन म्हणून याकडे पाहणाऱ्याने पाहावे, पण एवढेच पाहायचे ठरवले तर त्या बायका दिसत नाहीत.

एक प्रश्न या मजकुरात कधीच नसतो. १८९७ मध्ये दुष्काळी भागाच्या रस्त्यांवर या मुलींना गाठणारे दुसरे कोण होते? रमाबाईंनी स्वतः लहानपणी दुष्काळ भोगलेला होता आणि एकट्या पोरीला आधी कोण गाठते हे त्यांना नेमके ठाऊक होते. मुली विकत घेणारे दलाल त्यांच्या आधी पोचत होते, आणि त्या दलालांच्या धर्माची विचारपूस कोणी करत नव्हते.

चर्चमधील जातीविषयी फार लिहीत नाही, कारण तो मुद्दा मान्य आहे. गोव्यातील ख्रिस्ती लोकांमधले बामण-चारडो हे जुने जातिभेद, दक्षिणेतील वेगळ्या दफनभूमी, दलित ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच्या बिशपांविरुद्ध केलेली आंदोलने, हे सारे उघड आहे. मात्र त्यावरून ‘म्हणून करुणा खोटी’ हा निष्कर्ष निघत नाही. चर्च आपल्याच शिकवणीला जागले नाही, एवढाच निघतो. लाभाच्या आमिषाचे म्हणाल, तर कायदा उलट्या दिशेने काम करतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीतील माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या आरक्षणासारख्या सवलती जातात. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना आजही नाहीत. देशातील ख्रिस्ती लोकसंख्या १९५१ च्या जनगणनेत २.३ टक्के होती आणि २०११ मध्येही २.३ टक्केच आहे. सवलतींसाठी काही जण धर्म लपवतात हे खरे धरले, तरी महाराष्ट्रात एक टक्काही नसलेल्या समाजाच्या सापळ्याने एवढा गहजब व्हावा, हे आश्चर्य आहे.

उरला तो शेवटचा प्रश्न: किती हिंदू विधवांना हिंदू राहू दिले? नेमका आकडा माझ्यापाशी नाही, पण पहिल्याच विद्यार्थिनीचे नाव सर्वांना माहीत असायला हवे. शारदा सदनात आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. त्या तिथे शिकल्या, हिंदूच राहिल्या, आणि १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांवर त्यासाठी मुरूडला बहिष्कार पडला. तो टाकणारे पाद्री नव्हते. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. ज्या शारदा सदनाच्या नावाने हा मजकूर खडे फोडतो, तिथून बाहेर पडलेली बाई त्या आश्रमाच्या संस्थापकाच्या घरात बाया कर्वे म्हणून नांदत होती, आणि आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या पार्वतीबाई आठवले या तिच्याच सख्ख्या बहीण होत्या.